खापऱ्यांचा हरभरा

हरभरा सोलताना हात गुंतलेले असतात, तोंड मोकळं असतं. जबलपूरच्या सरकारी फार्मवर आम्ही गावोगावचे हरभरे शेजारी-शेजारी पेरायचो. कोणाचा दाणा मोठा, कोण रोगाला पुरून उरतो, ते पाहायचो. हंगाम संपला की पोत्यांपेक्षा किस्सेच जास्त निघायचे! बहुतेक खापऱ्यांचे. खापरे आमचे वऱ्हाडातले सीनियर असिस्टंट. आवाज मोठा, मान ताठ. वर इंग्रज साहेब. दोघांचं पटणं शक्यच नव्हतं. तरी खापरे त्याच फार्मवरून पेन्शनीत निघाले!

*

साहेबांना पांढरा, टपोरा काबुली प्रिय. बरगीकडचा बारीक काळा दाणा पाहून त्यांनी नाक मुरडलं. "यह कचरा कौन खाएगा?"

खापऱ्यांनी मूठभर तोंडात टाकला, साहेबांसमोर कडाकडा चावला.

"हम!"

पुढच्या साली काळा हरभरा पुन्हा पेरला गेला.

*

हरभऱ्याच्या पानांवर आंबट दव साठतं. साहेब एका सकाळी नवे बूट घालून वाफ्यात शिरले. दुपारी बुटांवर पांढरे डाग!

"झाडांवर काय फवारलं?"

"काही नाही साहेब, त्यांचाच घाम आहे."

"सगळ्या झाडांचा?"

"काही जाती जास्त आंबट. तेच तर पाहून राहिलो! उद्या दुसरे बूट घालून या, म्हणजे नक्की कळेल."

*

कोणता हरभरा लवकर शिजतो, हेही पाहायचं होतं. फार्मवर चूल नव्हती, म्हणून खापऱ्यांनी नमुने आमच्या घरी पाठवले. आमची बायको भडकली. "हरभरा सरकारचा अन् सरपण माझं? काहून?"

मी हे खापऱ्यांना सांगितलं. "बरोबर बोलल्या वहिनी!" म्हणाले, आणि पातेली घेऊन थेट साहेबांच्या बंगल्यावर! खानसामा आडवा आला.

"सरकारी काम है, भैया. हटो!"

त्या दिवशी साहेबांना जेवण मिळालं संध्याकाळी. फार्मवर लगेच चूल बसली.

*

एकदा नागपूरचे मोठे साहेब येणार होते. शामियान्याला जागा हवी, म्हणून साहेबांनी आमच्या वाफ्यावर बोट ठेवलं. "कल हल चला दो."

घाट्यांतले दाणे अजून हिरवे होते. कित्येक जातींचं बी दुसरीकडे कुठेच नव्हतं.

"नहीं चलेगा," खापरे म्हणाले.

"तो नौकरी जाएगी."

"जाने दो!"

बाहेर आले ते थेट वाफ्याकडे निघाले. घरी लहान लेकरं. मी म्हटलं, "खापरे, माफी मागून टाका."

"माफी मागून बी परत येते काय जी?"

सकाळी नांगर आला. पाहतो तर महाराजपूरच्या निंदणाऱ्या बाया ओळींमधून बसलेल्या! त्यांना कोणी सांगितलं, देव जाणे. साहेब ओरडले, "उठो!"

पुढे बसलेली जानकीबाई हललीसुद्धा नाही. "चना हरा है साहब. पकेगा, तब उठेंगे."

नांगरवाल्यानं बैल सोडून दिले. शामियाना लागला साहेबांच्या टेनिसच्या मैदानावर!

मोठे साहेब आले ते वाफ्यातच रमले. आमचे साहेब छाती फुगवून सांगत होते, "माय कलेक्शन, सर!" बोलता बोलता मोठ्या साहेबांनी एक घाटा तोडला, सोलायला घेतला.

"रखिए!" खापरे गरजले. "बीज है!"

आणि तळहात पुढे केला. मोठ्या साहेबांनी खापऱ्यांकडे पाहिलं, मग आमच्या साहेबांकडे पाहिलं, आणि घाटा खापऱ्यांच्या तळहातावर ठेवला.