मोकळ्या चॅनेलवरच्या दोन खाचा

या सदरातले गूढ अनुभव मी टाइमपास म्हणून वाचतो, विश्वास ठेवून नाही. वय बावन्न. त्यातली सव्वीस वर्षं राइस मिलचे कंट्रोल पॅनेल बसवण्यात गेली. स्क्रीनवर आकडा विचित्र दिसला की मिलवाले नारळ फोडतात, मी स्क्रू-ड्रायव्हर काढतो. आणि दर वेळी कारण सापडतं... सापडायचं, असं आता म्हणावं लागेल.

"नॉइज असेल हो" असं लिहायला ज्यांचे हात शिवशिवताहेत, त्यांनी कृपा करून शेवटपर्यंत वाचावं. नॉइज म्हणजे काय ते मला शिकवू नका. पैसे घेऊन तो मीच बसवलेला आहे.

मी राहतो गोंदियाजवळ फुलचूरला. पाच वर्षांपूर्वी सौंदड रोडवरच्या एका उसना, म्हणजे उकड्या तांदळाच्या मिलमध्ये ड्रायरचं काम घेतलं होतं. उकडलेलं धान गरम हवेने वाळवायचं, आणि ती हवा किती तापली हे सेन्सर सांगतो. सेन्सरपासून कंट्रोल रूमपर्यंत जी केबल जाते, तिच्यातला सिग्नल अगदी बारीक असतो. शेजारून मोटरची जाड केबल गेली की तिची खरखर, म्हणजे नॉइज, त्यात शिरते. म्हणून सिग्नलच्या तारांवर फॉइलचं आणि जाळीचं कवच लागतं, आणि ते कवच एकाच टोकाला, पॅनेलच्या बाजूला, अर्थ करायचं, म्हणजे जमिनीला जोडायचं असतं. शिवाय जिथे भुसा जळतो तिथे केबलचं वरचं आवरण कमी धुराचं घ्यावं लागतं. साधं पीव्हीसी पेटलं की असा काळा, घसा जाळणारा धूर सोडतं की दोन मिनिटांत स्वतःचा हात दिसत नाही.

हे मला माहीत नव्हतं का? ड्रॉइंगवर मीच लिहिलं होतं.

ते पाहून मिलचे शेठ हसले. "भाईसाब, वायर तो वायर होता है. करंट को क्या मालूम, ऊपर क्या पहना है?"

मीही हसलो. आणि साधी केबल टाकली — तीही मोटरच्या केबलच्याच ट्रेमध्ये.

व्हायचं तेच झालं. आकडे उड्या मारायला लागले. ड्रायर थंड असताना धोक्याचा हूटर बोंबलायचा. सकाळच्या पाळीचे ऑपरेटर हिरालालभाऊ, पंचेचाळिशीचे, बोलायला फटकळ. ते मला म्हणाले, "साहेब, हा तुमचा भोंगा दिवसातून दहा वेळा खोटा बोलते. खरा कवा बोलंल हे मले कसं समजंल?"

मी म्हटलं, "बटण बंद करून ठेवा. मी बघतो नंतर."

हे वाक्य माझं आहे. ते 'नंतर' कधी आलं नाही.

हिरालालभाऊंनी बटण बंद केलं, पण डोळे मिटले नाहीत. दर तासाला ते ड्रायरवर चढायचे, सेन्सरचा प्लग दोनदा काढून दोनदा लावायचे आणि मग हाताने पत्रा चाचपायचे. मी थट्टा केली तर म्हणाले, "आमच्या बुढ्यानं तलाव बांधला गा. पाणी किती हाये ते पाहाले तो काठी रोवे, कागद नोहता पाहात." प्लग काढला की तापमानाचा आलेख काढणाऱ्या रेकॉर्डरवरची रेघ झपकन खाली जाऊन वर यायची. त्यामुळे त्यांच्या पाळीच्या आलेखावर दर तासाला दोन खाचा असायच्या. रात्रपाळीचा आलेख सपाट.

मग एका दुपारी ड्रायर खरोखर पेटला. आग ट्रेमधून केबल जाळत कंट्रोल रूममध्ये शिरली. अकरा माणसं बाहेर पडली. हिरालालभाऊ बर्नर बंद करायला कंट्रोल रूममध्ये गेले, तो बंद केला, आणि त्या धुरात त्यांना दार सापडलं नाही.

दुसऱ्या दिवशी मला बोलावलं, कारण पॅनेल माझं. काजळलेल्या रेकॉर्डरमधलं मेमरी कार्ड मी काढलं आणि खिशात घातलं. घरी येऊन उघडलं. रेघ सगळीकडे थरथरत होती... माझी केबल. आणि दोन बेचाळीसला, तापमान चढायला लागल्याबरोबर, दोन खाचा. हिरालालभाऊ वर गेले होते. प्लग काढून पाहिला होता. यावेळी खरं आहे हे कळल्यावरच खाली धावले होते.

ते कार्ड मी कोणालाच दिलं नाही. चौकशीत लिहिलं गेलं — हूटरचं बटण ऑपरेटरने बंद केलेलं आढळलं. निष्काळजीपणा. मिल आठ महिने बंद राहिली, गावातली तीस माणसं घरी बसली. गाव म्हणालं, हिरालाल झोपला होता. हे सगळं माझ्या कानावर येत होतं, आणि मी गप्प होतो.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते.

मागच्या फेब्रुवारीत देवरीला हायवेवरच्या नव्या मिलचं काम केलं. आगीनंतर मी बदललो होतो. प्रत्येक केबल शिल्डेड, कमी धुराची, वेगळ्या ट्रेमध्ये, कवच एकाच टोकाला अर्थ केलेलं. एका मालकाने कटकट केली म्हणून मी काम सोडूनही आलो होतो. हेकट म्हणायचं तर म्हणा, पण माझ्या केबलला बोट दाखवू नका.

चाचणीच्या दिवशी सकाळी सातला सगळं चालू केलं. रेकॉर्डरवर आठ चॅनेल, सातांना सेन्सर. आठवा मोकळा. मोकळ्या चॅनेलला मी एक छोटा रेझिस्टर लावतो, म्हणजे त्याची रेघ एका उंचीवर सरळ राहते. तो पॅनेलच्या आत, पॅनेलला कुलूप, किल्ली माझ्या खिशात.

अकराच्या आधी सुपरवायझर बिसेन म्हणाला, "साहेब, ह्या आठ नंबरले उचक्या लागल्या का? कोन याद करून रायलं याले?"

पाहिलं. आठ वाजून चार मिनिटांनी दोन खाचा. नऊ दोन. दहा सात. बाकी सात रेघा स्वच्छ.

मी कुलूप उघडलं. टर्मिनल आवळले, रेझिस्टर बदलला, अर्थ तपासला, मोठा ब्लोअर बंद करून पाहिला. अकरा तीनला माझ्या डोळ्यांसमोर रेघ खाली गेली आणि वर आली... पुन्हा खाली, पुन्हा वर. मधलं अंतर एक प्लग काढून लावायला लागतं तेवढंच.

बारा पाचला पुन्हा. एक वाजला. काही नाही. एक दहा, काही नाही. मला हायसं वाटलं. आणि एक एकोणीसला दोन खाचा.

दोन पाचची फेरीही झाली. पुढची वेळ मला पाठ होती. अडीचला मी बिसेनला म्हटलं, "बर्नर बंद कर. सगळ्यांना बाहेर काढ."

"काऊन? काय जळून रायलं?"

"काही नाही. बाहेर काढ."

माणसं अंगणात उभी राहिली. मी एकटा स्क्रीनसमोर. दोन बेचाळीसला दोन खाचा. मग रेघ सरळ झाली ती झालीच. काही पेटलं नाही. बिसेन आत येऊन म्हणाला, "साहेब, उन्ह लागलं का तुमाले? फेब्रुवारीतच?" लोक हसले. हसू द्या.

त्या दिवसाचा आलेख छापला, घरी येऊन जुन्या कार्डातला छापला, आणि दोन्ही एकावर एक धरून खिडकीच्या काचेवर लावले. आठ चार, नऊ दोन, दहा सात, अकरा तीन, बारा पाच, एक एकोणीस, दोन पाच, दोन बेचाळीस. मिनिटाला मिनिट. यंत्र बिघडलं तर ठरावीक अंतराने बिघडतं. हे अंतर माणसाच्या चालण्याचं होतं.

दुसऱ्या सकाळी दोन्ही कागद घेऊन हिरालालभाऊंच्या घरी गेलो. त्यांची बायको अंगणात धान वाळत घालत होती. सगळं सांगितलं — केबल, बटण, कार्ड. देवरीचंही. तिने देवरीचा कागद बाजूला सारला. जुन्या कागदावर बोट ठेवलं.

"ह्या त्याईच्या फेऱ्या?"

"हो."

"हे दुपारची उशिरा कायले?"

"ते मला माहीत नाही, वहिनी."

बराच वेळ तिचं बोट तिथेच होतं. "डबा मीच उशिरा धाडला होता त्या दिवशी." मग वर पाहिलं. "चार वर्सं हा कागद तुमच्या घरी होता?"

"हो."

"चार दिवाळ्या केल्या तुमी."

तिने वाळत घातलेल्या धानावरून एकदा हात फिरवला.

"नळावर बाया मले म्हणत, तुया नवऱ्याच्या झोपेनं आमच्या चुली इझल्या. अन् तुमी मले सांगाले आले? माया मानूस झोपत नोहता हे मले माहीतच होतं. गावाले सांगा. ज्याईनं लिवलं त्याईले सांगा."

पाणी विचारलं नाही. विचारायला नकोच होतं.

त्यांच्या गावच्या पुढच्या ग्रामसभेत उभा राहिलो. आदल्या दिवशी शेठचा फोन आला होता, "भाईसाब, अपने पैर पे कुल्हाड़ी मत मारो." म्हटलं, पाय माझा आहे. माझा एक मित्र म्हणाला, कार्डाचं सांग पण देवरीचं सांगू नको, खरं बोललास तरी वेडा ठरशील. मी दोन्ही सांगितलं. जे झालं त्यातलं अर्धं लपवून काय होतं ते मी चार वर्षं पाहिलं होतं. कोणी शिवी दिली, कोणी उठून गेलं. पण इतिवृत्तात लिहिलं गेलं की हिरालाल त्या दिवशी आपल्या कामावर जागे होते. कार्ड आणि माझा लेखी जबाब चौकशी कार्यालयात दिला. पुढे माझ्यावर जे काय होईल ते होईल.

सभेतून बाहेर पडताना वहिनी जवळून गेल्या. "माफ केलं असं समजू नका."

"नाही समजत."

महिन्याभराने रेकॉर्डर बनवणाऱ्या कंपनीचा माणूस देवरीला आला. दोन दिवस त्याने सगळं उलटंपालटं करून पाहिलं. आठव्या चॅनेलवर त्यानंतर एकही खाच आलेली नव्हती, आजही नाही. यंत्र ठणठणीत आहे म्हणाला. पण फॉर्मवर बिघाडाच्या कारणाचा रकाना भरल्याशिवाय त्याला जाता येईना. "सर, केबल में नॉइज लिख दूँ? सब यही लिखते हैं."

मी म्हटलं, माझ्या केबलवर खोटं लिहायचं नाही. पेन त्याच्या हातातून घेतलं आणि त्या रकान्यात लिहिलं — माहीत नाही. खाली पूर्ण नाव घालून सही केली.