शिशाचं सील

वजनमापाच्या खात्यात एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला जगात सरळ काही दिसत नाही. काटाबाईंना तर नाहीच. हे नाव दुकानदारांनी ठेवलेलं. त्या बाजाराच्या या टोकाला दिसल्या की त्या टोकापर्यंत निरोप जायचा आणि तराजू पुसले जायचे. निवृत्तीनंतरही सवय सुटली नाही. घरात थर्मामीटर दोन होते. एकानं ताप दाखवला की दुसऱ्यानं दुजोरा द्यायचा, तेव्हा कुठे गोळी.

अशा बाईंनी गाडी दुसऱ्याच्या ताब्यात दिली, याचंच सगळ्यांना नवल वाटलं.

गाडी यजमानांची. ते चित्रकलेचे मास्तर होते. चार वर्षांपूर्वी गेले. दुधी रंगाची, गोल दिव्यांची ती गाडी त्याच्याही आधीपासून पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून होती. बाईंना ती पुन्हा रस्त्यावर हवी होती. आणि जशी होती तशी हवी होती. ‘ह्यांनी चालवलेली गाडी’ असं त्या म्हणायच्या. त्यातला खिळासुद्धा बदलला तर ती ह्यांची राहणार नाही, असं त्यांचं गणित.

मिस्त्री मास्तरांचा जुना विद्यार्थी. चित्रकलेत ढ, पण हात सोन्याचे. त्यानं इंजिनाचं डोकं उघडलं, आत बोट फिरवलं, बोट चिंधीला पुसलं.

“ताई, हे दमलंय. भाग मिळायची मारामार आहे. नंतरच्या मॉडेलचं एक इंजिन माझ्या नजरेत आहे. बसवून देतो. लोण्यासारखं चालेल.”

“आणि हे?”

“राहील की इथंच पडून.”

बाईंच्या कानात तेवढंच राहिलं. राहील की इथंच. जुन्या गाड्यांचे शौकीन असल्या इंजिनासाठी जीव टाकतात, हे त्यांनी ऐकलं होतं. दोन दिवसांनी टोपीवाला एक माणूस गॅरेजमध्ये उभा दिसला. गाडीच्या पोटात वाकून फोटो काढत होता.

“हा कोण?”

“असाच. हौशी माणूस.”

“असाच कुणी वाकत नाही,” बाई म्हणाल्या आणि घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या तार, शिशाच्या चकत्या आणि सील दाबायची पक्कड घेऊन आल्या. सरकारी पक्कड त्यांनी निवृत्तीच्या दिवशी जमा केली होती. ही स्वतःची, विकत घेतलेली. इंजिनाच्या कडीतून तार घातली, गाडीच्या सांगाड्यातून ओवून घेतली, पीळ दिला, शिसं दाबलं. आता तार कापल्याशिवाय इंजिन बाहेर निघणं शक्य नव्हतं.

“मावशी, तू इंजिनाला सील ठोकलंस?” भाचीनं कपाळावर हात मारला. ती बाईंकडेच राहायची.

“ठोकलं.”

“अगं, त्या मिस्त्रीला काय वाटेल?”

“प्रामाणिक असेल तर काही वाटणार नाही. नसेल तर वाटायलाच हवं.”

मिस्त्री नुसता हसला. बाईंना ते हसणं आवडलं नाही. त्या रोज अकराला येऊ लागल्या. कोपऱ्यात लोखंडाचा कसलासा ठोकळा होता, त्यावर फळी आणि पोतं. तीच त्यांची बैठक. तिथून मिस्त्रीचे दोन्ही हात दिसत. येताना सील बघायचं, जाताना सील बघायचं. भिंग सोबत.

“ताई, पोत्याखाली फळी टोचत असेल. खुर्ची देतो.”

“इथंच बरी आहे मी.”

“तरी पण…”

“खुर्चीवरून काय दिसत नाही, ते सांगा आधी.”

मिस्त्री पाना शोधायला वळला. जरा जास्तच लगबगीनं, असं बाईंना वाटलं.

तीन आठवडे असे गेले. निर्णय होईना. मिस्त्री म्हणे बदलू, बाई म्हणत मूळचंच हवं. एक दिवस त्या गाडीचं नोंदणीपुस्तक घेऊन आल्या. इंजिनावरचा नंबर पुस्तकाशी ताडून बघायचा होता.

“गंजलाय तो,” मिस्त्री घाईनं म्हणाला. “वाचता नाही यायचा.” आणि चक्क गाडीच्या पुढ्यात उभा राहिला.

एकतीस वर्षांत बाईंनी असे पुढ्यात उभे राहणारे खूप पाहिले होते. त्या पोत्यावर जाऊन बसल्या. मिस्त्री जेवायला गेला तशी तारेचा ब्रश घेतला, नंबर घासून काढला, भिंग लावलं. सात आकडे. पुस्तकातल्या सातांपैकी दोनच जुळत होते.

मिस्त्री परतला तेव्हा बाई दारात उभ्या होत्या.

“माझं इंजिन कुठं आहे?”

“ताई…”

“ताईबिई नंतर. कुणाला विकलंत? त्या टोपीवाल्याला?”

मिस्त्रीनं डबा खाली ठेवला. “ताई, तुमचं सील बघा.”

बाईंनी बघितलं. शिसं जागच्या जागी. पीळ त्यांचाच. तारेवर ओरखडा नाही. त्या पुन्हा वाकल्या, पुन्हा भिंग लावलं. त्यांच्याच सीलनं त्यांची तक्रार फेटाळली होती. इंजिन इथं बदललेलं नव्हतं; त्याचे बोल्टही वर्षानुवर्षं गंजून जागीच बसलेले होते. गाडी आली तीच या इंजिनासह.

“मग कधी?” त्यांचा आवाज खाली आला. “शेडची किल्ली फक्त ह्यांच्याकडे असायची.”

मिस्त्रीनं चिंधी उचलून हात पुसायला घेतले.

“ह्यांनी विकलं? मला न सांगता?”

अख्ख्या संसारात त्यांनी यजमानांवर कधी शंका घेतली नव्हती. जगात तेवढा एकच काटा त्यांनी कधी तपासला नव्हता.

“सरांनी शपथ घातली होती,” मिस्त्री म्हणाला. “पण तुम्ही त्यांच्यावरच संशय घेतलात, म्हणून आता सांगतो. सव्वीस वर्षं झाली. तुम्ही एकट्या गाडी घेऊन तपासणीला गेला होतात. येताना बंद पडली. आठवतं?”

न आठवायला काय झालं? बाई तो किस्सा सगळ्यांना सांगायच्या. तापमानाची सुई लालवर गेली होती. बाईंनी ओळखलं, सुई खोटी आहे. खरी सुई त्यांनी नोकरीत कुठं पाहिली होती? त्या तशाच चालवत राहिल्या. पुढं एक पाइप फाटला. मास्तरांनी एकोणीस दिवसांनी गाडी घरी आणली आणि म्हणाले, “तुझंच बरोबर. सुई बिघडली होती. बदलून घेतली.”

“पाइप नव्हता फाटला, ताई. इंजिनाला तडा गेला होता. सर म्हणाले, दुसरं बसव. पण तिला कळता कामा नये. ती स्वतःला माफ करणार नाही. म्हणूनच मी बदला म्हणत होतो. हे निघालं असतं, नंबरचा प्रश्नच मिटला असता.”

“आणि सुई?”

“सुई तीच आहे. चांगली होती. अजून चांगली आहे.”

बाईंनी नोंदणीपुस्तक मिटलं. मग सवयीनं बोलल्या, “पुरावा?”

मिस्त्रीनं कोपऱ्यातलं पोतं उचललं. फळी उचलली. लोखंडाच्या ठोकळ्याला चार भोकं होती आणि कडेला बोट जाईल एवढा तडा. बाई गुडघ्यावर बसल्या. भिंग लावलं. सातही आकडे जुळले.

तीन आठवडे त्या मूळ इंजिनावर बसूनच मूळ इंजिनाची राखण करत होत्या.

“आता काय करायचं?” मिस्त्रीनं विचारलं. “नवं बसवू?”

बाईंनी पिशवीतून कात्री काढली. सील स्वतः कापलं. शिसं रुमालात बांधलं.

“जे आहे तेच नीट करा. वेळ लागू दे.”

“पण ते मूळचं नाही, ताई.”

“ह्यांनी बसवलंय ना? तेच हवं.”

चुकीचा नंबर नोंदलेली गाडी बाईंनी रस्त्यावर काढणं शक्यच नव्हतं. आठवड्यानं त्या भाचीला घेऊन नोंदणी कचेरीत गेल्या. खिडकीतल्या कारकुनानं अर्ज वाचला, चष्मा वर केला, पुन्हा वाचला. ‘इंजिन बदलण्याचे कारण’ या रकान्यात लिहिलं होतं: तापमानाची सुई योग्य असताना चालकाने तिच्यावर विश्वास ठेवला नाही. चालक: अर्जदार स्वतः.

“बाई, एवढं कशाला लिहिता? ‘जुने झाल्यामुळे’ लिहा. सगळे तेच लिहितात.”

“सगळे लिहितात ना,” काटाबाई म्हणाल्या, “तेच तर मी एकतीस वर्षं पकडत होते. शिक्का मारा.”

त्यानं मारला. बाईंनी कागद उजेडात धरला आणि शिक्क्यावरची तारीख वाचून पाहिली.