व्हॅनच्या पोटातला गंज

वरच्या खोलीचा जिना थेट गॅरेजात उतरायचा आणि शेवटच्या पायरीसमोर वस्तादांचं, म्हणजे सासऱ्यांचं, स्टूल होतं. घरातून बाहेर पडणारा प्रत्येक जण आधी वस्तादांच्या नजरेतून पास व्हायचा. जावईबापू दूध आणायला निघाले तरी "का, कुठे?" आणि परत आले तरी "का, एवढ्यात?"

जावईबापूंना त्यांचं स्वतःचं नाव होतं, पण लग्नानंतर ते कुणी फारसं वापरलं नव्हतं. वस्ताद जावईबापू म्हणायचे म्हणून गिऱ्हाइकं म्हणायची, गिऱ्हाइकं म्हणायची म्हणून समोरच्या इस्त्रीवाल्या बाई म्हणायच्या. एकदा तर खुद्द बायकोने फोनवर कुणाला तरी सांगितलं, "जावईबापू गाडीखाली आहेत, नंतर करा." त्यावर दोघं पोट धरून हसली.

थोडे दिवस राहा, हात बसला की वेगळं बघू, असं ठरलं होतं. हात बसला, मूळही धरलं. वरच्या खोलीची जमीन फळ्यांची. वस्तादांचा खोकला खालून वर यायचा आणि यांची कुजबूज वरून खाली जायची. सकाळी चहाची बशी तोंडाला लावत वस्ताद सहज म्हणायचे, "निळे पडदे नकोत, मळकट दिसतात." निळ्या पडद्यांचा विषय दोघांनी अंथरुणात, अगदी ओठ न हलवता काढलेला असायचा. यात वस्तादांचा काही दुष्टपणा नव्हता. त्यांना खरंच वाटायचं की आपण मदत करतोय. भांडायला जागाच नव्हती, तीच तर पंचाईत.

मग साडूचा फोन आला. शेजारच्या गावात त्याची एक शेड मोकळी होती, वर दोन खोल्या. "सोमवारपर्यंत या, नाहीतर दुसरा एक जण मागे लागलाय," तो म्हणाला. सामान न्यायला वस्तादांची जुनी व्हॅन होती. तिच्याबद्दल वस्तादांनी कधीतरी चारचौघांत छाती ठोकून म्हटलं होतं, "ज्या दिवशी ही बया न उकळता चढ चढेल, त्या दिवशी घेऊन जा. सोबत माझी लेकही न्या." गिऱ्हाइकं खो खो हसली होती. जावईबापूंनी मात्र ते वाक्य घट्ट धरून ठेवलं. चोरासारखं निघून जायला त्यांना नको होतं. वस्तादांच्या तोंडूनच "जा" ऐकून जायचं, हे त्यांनी बायकोला सांगितलं होतं. बायको म्हणाली होती, "बरं. पण जायचं."

गावाबाहेरच्या चढावर व्हॅन अर्ध्यात पोचली की तापमानाचा काटा लाल रेघेवर आणि बॉनेटमधून वाफ. कारण जगजाहीर होतं. इंजिनाच्या आत जिथून पाणी फिरतं, तिथे वर्षानुवर्षांचा गंज साचलेला. वस्तादांची पद्धतच तशी होती. काम करताना इंजिनातलं पाणी काढलं की ते फडक्यातून गाळून पुन्हा त्याच गाडीत ओतायचे. नव्या पाण्याबरोबर नवा गंज येतो, मुरलेलं पाणी निरुपद्रवी, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे त्यांच्या हातच्या सगळ्या गाड्यांच्या पोटात काळ्या चहासारखं पाणी असायचं.

रविवारी सकाळी जावईबापूंनी गंज सोडवायला बादलीत लिंबूफूल कालवलं आणि रेडिएटरमधून आत सोडलं. इंजिन गरम केलं, थंड होऊ दिलं, खालची नळी काढली. जे बाहेर आलं त्याला पाणी म्हणणं जिवावर आलं असतं. तपकिरी ओघळ गल्ली ओलांडून इस्त्रीवाल्या बाईंच्या दारात गेला. त्या परकर आवरत म्हणाल्या की गाडीला जुलाब झालेत की काय, आणि झाले असतील तर तिला दुसरीकडे बसवा. वस्ताद स्टुलावरून म्हणाले, "जावईबापू, फार खरवडू नका हो. म्हातारं माणूस मळानेच उभं असतं कधी कधी."

जावईबापूंना वाटलं, आता हे अडवणारच. त्यांनी उलट्या बाजूने पाण्याचा जोर लावला. पुन्हा लिंबूफूल, पुन्हा धुणं. गंजाचे पापुद्रे पडत राहिले. शेवटी धुण्याचा सोडा फिरवला आणि नळीतून असं पाणी आलं की ओंजळीत धरून तोंड धुवावं. वर खिडकीत बायको उभी होती. तिने हातानेच विचारलं, झालं? त्यांनी मान हलवली. खिडकी बंद झाली आणि फळ्यांवरून ट्रंक ओढल्याचा आवाज आला. वस्तादांनी वर पाहिलं.

दुपारी वस्ताद शेजारी बसले आणि व्हॅन चढाला लागली. अर्धा चढ गेला. काटा मधोमध, जणू चिकटवलाय. माथ्यावर जावईबापूंनी गाडी थांबवली. खाली गाव दिसत होतं. वस्ताद काट्याकडे बघत राहिले, मग काचेबाहेर बघत म्हणाले, "शब्द दिलाय मी. घेऊन जा." जावईबापूंनी आनंदाने गाडी गावाकडे वळवली.

गॅरेजात गाडी लावली आणि खाली थेंब पडू लागले. जावईबापू पुठ्ठा टाकून आत सरकले. इंजिनाच्या मागच्या अंगाला, गिअरबॉक्सच्या आड, पत्र्याचं एक गोल बूच असतं. ते आतून खाऊन खाऊन कागदाएवढं राहिलं होतं, आणि इतकी वर्षं पाणी अडवून धरलं होतं ते त्यावर थापलेल्या गंजानेच. आता थेंबांची धार झाली. बदलायचं तर इंजिन उतरवल्याशिवाय हात पोचणार नव्हता.

गाडीखालून त्यांना फक्त पायताणं दिसत होती. वस्तादांच्या फाटक्या चपला आल्या. "मागचं बूच? असू द्या हो, उतरवू इंजिन." टोमणा नाही, काही नाही. उलट आवाजाला पालवी फुटलेली. चपला लगबगीने कप्पी आणि साखळी आणायला गेल्या.

मग बायकोच्या सँडल आल्या, बाहेर जाताना घालायच्या. ती उकिडवी बसली. तिचा चेहरा आडवा दिसला.

"अहो," ती हळू म्हणाली, "राहू दे गाडी. बाबांनी जा म्हटलंय ना? सकाळच्या बसने जाऊ. तुमची पेटी टपावर टाकू."

बस रोज जायची. सकाळीही जायची, दुपारीही. इतक्या दिवसांत जावईबापूंच्या हे कधी मनातच आलं नव्हतं.

तेवढ्यात साखळी खणखणली. वस्ताद पलीकडून म्हणाले, "इंजिन उतरतंयच, तर क्लचप्लेट बघायची का?"

आणि गाडीखालून, अंगावर पाणी ठिबकत असताना, जावईबापू बोलून गेले, "क्लचप्लेट बघूच, मामा. रिंगाही बघून घेऊ. उघडलंच आहे तर."

"वा. मग बेअरिंगंही."

"ती तर हवीतच."

सँडल तिथेच होत्या. त्यांनी मान वळवली तेव्हा चेहरा दिसेनासा झाला होता, ती उभी राहिली होती. काहीतरी बोलायला हवं होतं. पाना हातात होता, पहिला नट सैल झाला होता, अर्धवट सोडावा तर इंजिन एका बाजूला कलणार. "अगं, थांब जरा," ते म्हणाले, "एवढा नट—"

सँडल वळल्या आणि जिना चढू लागल्या. वरच्या फळ्यांवरून ट्रंक पुन्हा ओढली गेली. जिन्याकडे की भिंतीकडे, ते त्यांना खालून कळेना.