सगळ्यांनी खाली उतरा

सीएनजी भरताना गाडीतून सगळ्यांना खाली उतरावं लागतं. आज आमचा नंबर आला, तशी बायको मांडीवरची बॅग घेऊन उतरली. डिकीत सिलिंडर बसल्यापासून सामान मांडीवरच असतं. घराबाहेर काढल्यासारखे आम्ही कडेला उभे राहिलो. शेजारचे गृहस्थ दराच्या पाटीकडे बघून म्हणाले, "पुन्हा वाढला की हो!"

स्वस्त म्हणून आधी डिझेलची गाडी घेतली. डिझेल पेट्रोलला भिडलं, म्हणून ती विकून ही घेतली. स्वस्ताई हाक मारून बोलावते आणि आपण पोचलो की निघून जाते.

"आता विजेवरची बघूया?" मी विचारलं.

"नको," बायको म्हणाली, "ज्यांनी घेतलीय त्यांचं तरी बरं चाललंय. चालू दे."