हळू बोलणारं यंत्र

बँकेत टेलिफोनवर बसणाऱ्याला किस्से शोधावे लागत नाहीत, ते आपणहून चालत येतात. त्यातून मी जन्मांध. याला दिसत नाही म्हणजे ऐकूही येत नसणार, असं धरून लोक माझ्यासमोर बिनधास्त बोलतात. घनसावंगीच्या शाखेत असं पुष्कळ साठलंय. त्यातले विष्णुमास्तरांचे तेवढे सांगतो.

मास्तरही अंध. पेटी शिकवतात, जवळच्या खेड्यातून जीपनं येतात. एकदा एटीएममध्ये शिरले. वॉचमन कदीरभाईंनी दारातूनच प्रेमानं विचारलं, "मास्तर, पिन बोलो." मास्तरांनी सांगितला. तर रांगेतून आवाज आला, "शेवटचा सात हाय, मास्तर. मागच्या टायमाला सातच होता."

मास्तर माझ्यापाशी येऊन बसले. "सगळ्या तालुक्याला पाठ हाय राव. आपलं म्हणून काय राह्यलं?"

हसलो दोघं. पण त्यांचं दुखणं वेगळंच होतं.

त्यांची बहीण सुमन. लहानपणी हात धरून त्यांना शाळेत नेणारी, रस्त्यात काय काय दिसतंय ते सांगणारी. तिनं जातीबाहेर लग्न केलं आणि आबांनी, म्हणजे वडलांनी, घरात तिचं नाव बंद केलं. ती आता केदारखेड्याला असते. तिची राखी दरवर्षी माझ्या नावानं बँकेत येते. मी चाचपत मास्तरांच्या मनगटावर बांधतो. जीप गावाजवळ आली की ते सोडून खिशात ठेवतात.

ओवाळणी मात्र कधी गेली नाही. पैसे पाठवायचे तर ओटीपी यायचा तो मास्तरांचा भाऊ दत्ताच्या मोबाईलवर, आणि घरात आलेला प्रत्येक मेसेज रात्री जेवताना आबांना मोठ्यानं वाचून दाखवायची रीत! मी म्हटलं, माझ्या हातून पाठवू. मास्तर म्हणाले, "ओवाळणी दुसऱ्याच्या हातानं देतेत व्हय?"

मंग मी वरच्या ऑफिसला पत्रांमागून पत्रं धाडली. शेवटी एक इंजिनियर यंत्र घेऊन आला. बटण दाबलं की त्यात सहा आकडे येणार, ते बँकेच्या फोनवर दाबायचे की पैसे गेले. ओटीपीची गरज नाही. "बघा, किती सोप्पंय," म्हणाला. मी हात फिरवला, सगळी गुळगुळीत काच. म्हटलं, "आता तुम्ही डोळे मिटून दाखवा." बिचाऱ्यानं तीनदा यंत्रच बंद केलं.

पुढच्या खेपेचं यंत्र बोलायचं. पण असं खणखणीत की कॅशियरचं नोटा मोजणं थांबलं. पाठोपाठ कदीरभाई चिठ्ठी घेऊन हजर. "मास्तर, नंबर लिखके रखा मैं. भूल गये तो?"

तिसऱ्याला कानात घालायची वायर होती आणि बटणावर बोटाला लागेल असं टिंब. आवाज फक्त मास्तरांना.

यंदा राखी बांधून झाली तसे मास्तर माझ्या टेबलाशीच बसले. कानात वायर. माझ्या फोनवर एकेक आकडा दाबताना त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. मंग वायर काढली.

"गेली," म्हणाले. थोड्या वेळानं, "कुणाला कळलं न्हाई ना?"

"बिलकुल न्हाई."

 ज्या सुमनला मी एकदाही भेटलो नाही, तिची मला त्या दिवशी फार आठवण येत होती.

मास्तरांची जीप गेली आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ओटीपी टळला, पण पैसे गेल्याचा मेसेज? तो तर दत्ताच्याच मोबाईलवर जाणार! आम्हा दोघा शहाण्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. घरी काय झालं असेल या काळजीनं मला घास गेला नाही.

दुसऱ्या दिवशी बँक उघडायला आणि दत्ता यायला एकच गाठ पडली. तो थेट माझ्या टेबलाशी आला.

"काल मेसेज आल्ता," म्हणाला. "सुमनचं नाव होतं."

"आबांना वाचून दाखवला?"

"न्हाई. पुसून टाकला."

 मंग खुर्ची ओढून अगदी जवळ आला आणि हळूच म्हणाला, "साहेब, ते यंत्र डोळस माणसाला भेटतं का?"