नानामामाची आखणी

१४ जून.
खूप महिन्यांनी इथे लिहितेय. माफ करा. मधल्या काळात चांगल्या बातम्याही होत्या, त्या सांगायचा आळस केला.

माझा मामा आयुष्यात एकदाच खोटं बोलला, आणि त्यामुळे त्याच्या मुलीची नोकरी जवळजवळ हातची गेली होती.

काल सकाळी तो गेला. पेणजवळच्या हमरापूरला, आपल्या गणपतीच्या कारखान्यामागच्या खोलीत, झोपेतच. सगळं गाव त्याला नाना म्हणायचं. आम्ही रोह्याची भाचरं नानामामा म्हणायचो.

"एकदाच" लिहिलं खरं, पण ते बरोबर नाही. व्यापाऱ्यांना तो रोजच "उद्या माल देतो" सांगायचा. तर, मोठं खोटं एकदाच.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी कॉलेजात होते. सीझनला आम्ही रोह्याहून एसटीने पेणला यायचो आणि कारखान्यात रंगाला हातभार लावायचो.

त्या वर्षी वैजूपण घरी होती. माझी मामेबहीण. मुंबईत पीएचडी संपवून बसलेली.

तिला अमेरिकेतल्या एका युनिव्हर्सिटीत पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची संशोधनाची नोकरी, हवी होती. दूरच्या ताऱ्यांभोवती ग्रह सापडायला लागून तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. त्या ग्रहांवर हवा कसली असेल, याचा अभ्यास.

मामाने जेवताना विचारलं होतं, "हवा दिसते व्हय?"

"दिसत नाय. पण तिच्यातून उजेड आला, की त्या उजेडावरून कळतं."

"मंग इथलीच बघ की. कारखान्यात काय कमी हवा हाय?"

वैजू हसली नाही. निवडलेला कुणीतरी ऐनवेळी नाही म्हणाला होता, म्हणून हिला विचारलं होतं. फोनवर इंटरव्ह्यू. ही संधी गेली तर दुसरी कधी, तिला माहीत नव्हतं.

आणि फोन एकच. कारखान्यात, कंप्रेसरच्या शेजारी.

गणपती तोंडावर आलेले. कंप्रेसर दिवसभर खडखडतोय, रंगाची पिस्तुलं फवारतायत, बाहेर टेम्पो उभे. अशात शांतता आणायची कुठून?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मूर्तीचे डोळे सगळ्यात शेवटी रंगवतात. त्याला आखणी म्हणतात. मामाकडे आखणी चालू असली की कंप्रेसर बंद, पंखा बंद, तोंडं बंद. तिथे लहान पोरंसुद्धा पाय न वाजवता चालायची.

फोनची वेळ झाली तशी मामा दारात जाऊन म्हणाला, "आखणी चाललीय. कोन बोलायचा नाय."

सगळा कारखाना गप्प. गिरगावचे एक शेठ माल न्यायला आलेले, तेही हात जोडून स्टुलावर बसले. कुणाच्याच हातात ब्रश नव्हता, हे त्यांना दिसत होतं. पण आखणी म्हटल्यावर विचारणार कोण?

फोन वाजला. वैजूने उचलला.

आणि ती कुजबुजायला लागली.

तिचा दोष नव्हता. लहानपणापासूनची सवय. आखणीच्या शांततेत त्या घरातलं कुणी मोठ्याने बोलूच शकत नाही.

मी तिच्या शेजारीच उभी होते. रिसीव्हरमधून मलाही ऐकू येत होतं. "प्लीज स्पीक अप. वुई कान्ट हिअर यू."

वैजू "सॉरी सर" म्हणाली. आधीपेक्षाही हळू.

मामाने भुवया उडवून मला विचारलं, काय?

मी त्याच्या कानाशी लागले. "त्यांना ऐकूच येत नाय मामा. ठेवतील फोन."

मामाने एकदा तिच्याकडे पाहिलं. मग गप्प बसलेल्या सगळ्यांकडे पाहिलं. उठला, आणि कंप्रेसरचं बटण दाबलं.

खडखडखडखड.



वैजूने दुसऱ्या कानात बोट घातलं आणि ओरडायला सुरुवात केली. पंधरा वर्षं या कंप्रेसरच्या खडखडाटात भावाशी भांडलेला आवाज तो. इंग्रजीत तो आम्ही पहिल्यांदाच ऐकला.

पलीकडून आवाजाबद्दल विचारलं असावं. कारण ती म्हणाली, "दॅट इज अवर कंप्रेसर, सर. वुई पेंट गॉड्स हिअर."

तिकडे कुणीतरी हसलं. मग ती थांबलीच नाही. तापलेले ग्रह, त्यांची हवा, त्यातून येणारा उजेड. मामा पिस्तूल घेऊन एका मूर्तीचं सोवळं पिवळं करत बसला.

शेठनी सुटकेचा निःश्वास टाकून विचारलं, "नाना, झाली का आखणी?"

"झाली."

समोरच्या एकाही गणपतीला डोळे नव्हते.

नोकरी मिळाली. वैजू तिकडे गेल्यावर मामा वडखळ नाक्यावर चहा पिताना सगळ्यांना सांगायचा, "पोरगी अमेरिकेला गेली. हवा बघायला."

"हवापालटाला?"

"नाय रे. दुसऱ्याची हवा."

हे सगळं असंच घडलं, की सांगून सांगून असं झालं, अशी मला शंका होती. म्हणून काल वैजूला विचारलं. ती म्हणाली, "सोवळं पिवळं नाय गो, लाल होतं. बाकी बरोबर."

तिला वेळेत पोचता आलं नाही. रात्रीच्या विमानाने निघायची होती. संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर होती. तिचा भाऊ रमेश, मी, शेजारपाजार, सगळे कारखान्यात बसलेलो. अर्ध्या रंगवलेल्या मूर्ती कापडाखाली. 

"एवढं शांत का?" वैजू म्हणाली. कुजबुजतच. "रमेश, कंप्रेसर लाव."

"सुतक हाय. रंग नाय मारता येत."

"रंग नको. नुसती हवा सोड."

रमेश उठला. मोटर कितीदा बदलली असेल, पण कंप्रेसर तोच. बटण दाबल्यावर आधी पट्टा किंचाळला, मग सुरू झाला. खडखडखडखड.

वैजू ओरडून काहीतरी म्हणाली. आम्ही ओरडून "काय?" म्हणालो. मग सगळेच हसायला लागलो, रडता रडता.

मामा, तुला मोठ्यांदी नमस्कार.

उद्या: पेणच्या बाजारातून कंप्रेसरला नवा पट्टा आणायचा.