सरिताच्या मार्कांचं तूस

टोकावड्याच्या हौसाने जन्मभर भाताचा तांदूळ होताना बघितला. गिरणीत पोतं गेलं की तिसरा हिस्सा तूस-कोंड्यात जातो, हे तिला काटा न बघता कळे. त्यामुळे लेक सरिता दर रविवारी मुरबाडच्या क्लासमधून सीईटीच्या सराव परीक्षेचे मार्क घेऊन आली, की हौसा कोळशाने दारामागे आकडा लिही, पण भरडून. एकशे पस्तीस आले तर नव्वद.

"आये, माझे मार्क का कापतेस गो?"

"कापत नाय, भरडते. खऱ्या परीक्षेत कळंल किती उरलं ते."

सरिताला फार्मसी करायची होती, तीही कल्याणला. लांबचं कॉलेज लागलं तर वसतिगृह आलं, आणि तिचा बाप धाऊ त्याला तयार नव्हता.

फेब्रुवारीत क्लासच्या सरांनी पालकांना बोलावलं. "सरिताचं काम झालंच समजा," ते म्हणाले.

हौसा उठली. "पेपर कुनी काढला?"

"आम्हीच."

"तपासला?"

"आम्हीच."

"म्हंजे भात तुमचं नि काटा पन तुमचाच!" सगळे हसले. सरही हसले. "कॉलेजवाले हे मार्क बघतात?"

"नाही मावशी, ते खऱ्या परीक्षेचेच बघतात. सराव असतो तो कुठे चुकतं ते कळायला."

घरी येऊन हौसाने दार पुसलं. "मार्क नको सांगू. चुकलेलं दाखव."

सरिताने चुकांचे दोन भाग केले. मुळात येत नव्हतं म्हणून झालेल्या थोड्या. येत असून घाईत झालेल्याच जास्त.

"अगो, हे तर चांगलं भात! उपणताना तुसाबरोबर उडालंय. वेचून आन."

मग दर रविवारी सरिता ओटीवर बसून तेवढेच प्रश्न पुन्हा सोडवी. समोर हौसा तांदूळ निवडी आणि पोरगी घाई करतेय असं वाटलं की सूप वाजवी.

निकालात ब्याण्णव पर्सेंटाइल आले. म्हणजे शंभरातली ब्याण्णव पोरं मागे, हे सरिताने दोनदा समजावलं.

"मग पुढची आठ कुनाची गो?"

यादीत कल्याणचं कॉलेज लागलं.  दुसऱ्या दिवशी धाऊ एसटीच्या पासाचा फॉर्म घेऊन आला.

यंदा शेजारच्या प्रेमाची श्वेता क्लासला जाते. पहिल्याच सरावात दीडशे आले, म्हणून प्रेमा पेढे घेऊन आली.

हौसाने पेढा तोंडात टाकला. "शंभर झाले," ती म्हणाली. "आता पोरीला बोलाव. तूस बघू."